‘आलं का माळीवाडा?’ – पांढऱ्या काठीपासून जीपीएसपर्यंत



दिवाळीनंतरची गोष्ट. एक जुने पेशंट बऱ्याच वर्षांनी ओपीडीत आले. पाथर्डी तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आपण त्यांना गुरुजीच म्हणू. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोझा नावाचा पडद्याचा आजार आहे. यात आधी रातांधळेपणा येतो, मग कडेचं दिसणं कमी होत जातं, माणूस जणू नळीतून जगाकडे बघतो, आणि पुढे ती नळीही अरुंद होत जाते. गुरुजींना आता उजेड-अंधार आणि समोर कोणीतरी हललं, एवढंच कळतं.

पूर्वी ते नेहमी मुलाबरोबर यायचे. या वेळी एकटे होते.

“मुलगा कुठंय?”

“कापूस वेचायला माणसं मिळेनात. तो रानात आहे.”

“मग आलात कसे?”

“एसटीनं.”

“कुणाबरोबर?”

त्यांनी शर्टाच्या खिशावर दोन बोटं टेकवली. खिशात मोबाइल, एका कानात इअरफोन. “ह्याच्याबरोबर.”

मी कौतुक करणार, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून जुना केसपेपर काढून टेबलावर ठेवला. माझंच अक्षर. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : एकट्याने प्रवास टाळावा. “तुम्ही लिहिलं होतं डॉक्टर, म्हणून घरच्यांनी सहा वर्षं कुठं जाऊ दिलं नाही,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला मात्र पुढचा पेशंट तपासताना ती ओळ दिसत राहिली. अशा किती केसपेपरांवर मी ती लिहिली असेल, कोण जाणे. औषध लिहिताना आपण त्याचे दुष्परिणाम विचारात घेतो. सल्ला लिहिताना घेत नाही.

म्हणून आजचा लेख थोडा वेगळा. आजाराचा नाही, उपचाराचाही नाही. ज्यांना दिसत नाही ती माणसं एकटी कशी फिरू लागली आणि आकाशातल्या उपग्रहांचा त्यात काय वाटा, याचा हा इतिहास आहे.

काठी काय सांगते, काय सांगत नाही

अंध माणूस आणि काठी ही जोडी फार जुनी. पण ती काठी पांढरी झाली गेल्या शतकात. १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या. आपण वाहनवाल्यांना दिसावं म्हणून त्यानं आपली काठी पांढऱ्या रंगानं रंगवली. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गिली देर्बेमॉन या बाईंनी अशा काठ्या अंधांना वाटायला सुरुवात केली. गंमत बघा : सुरुवातीला पांढरी काठी अंध माणसाला काही सांगण्यासाठी नव्हतीच, डोळसांना सांगण्यासाठी होती.

काठीनं रस्ता ‘वाचायची’ पद्धत दुसऱ्या महायुद्धात बसली. डोळे गमावलेले तरुण सैनिक अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात येत होते. तिथे रिचर्ड हूवर हे त्यांच्या पुनर्वसनाचं काम बघत. ते आधी अंधशाळेत शिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं की आखूड, जड काठी ही आधाराची काठी आहे, शोधाची नाही. त्यांनी काठी लांब आणि हलकी केली आणि पावलागणिक डावी-उजवीकडे कमानीसारखी फिरवायची रीत ठरवली. डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. आजही जगभर हीच रीत शिकवतात. हे हूवर पुढे डॉक्टरकी शिकले आणि नेत्रतज्ज्ञ झाले, हे मला फार आवडतं. आमच्या धंद्यात उलटा प्रवास सहसा होत नाही. आम्ही आधी डॉक्टर होतो, आणि पेशंट रस्ता कसा ओलांडतो हे पुष्कळदा शेवटपर्यंत बघतच नाही.

आपल्याकडे दादरची अंध मुलींची शाळा १९०० ची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची, आणि नॅब, म्हणजे राष्ट्रीय अंधजन संघ, १९५२ चा. ब्रेल आली, वेताच्या खुर्च्या विणणं आलं, गाणं-वाजवणं आलं. काठी घेऊन एकट्यानं हिंडायचं रीतसर शिक्षण मात्र शहरांतल्या मोजक्या संस्थांपाशीच राहिलं. खेड्यातल्या अंध माणसाच्या वाट्याला एक तर नातवाचा खांदा आला, नाही तर ओसरी.

आणि काठी कितीही चांगली असली तरी ती सांगते पुढच्या एका-दोन पावलांचं. खड्डा आहे, पायरी आहे, म्हैस बसली आहे. ‘मी कुठे आहे’ हे काठी सांगू शकत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. आपल्या जिल्ह्याला तर ही गोष्ट परकी नाही. नेवाशाला पैसच्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके १२१२ मध्ये, आणि त्या सगळ्या ग्रंथाची चौकट काय? एक अंध राजा घरी बसला आहे आणि दूरवर काय चाललंय ते दुसरा कोणी त्याला सांगतो आहे. फरक एवढाच की धृतराष्ट्राला कुठे जायचं नव्हतं. गुरुजींना जायचं होतं.

एसटीतला प्रश्न

१ जून १९४८ रोजी महाराष्ट्रातली पहिली एसटी धावली ती आपल्याच पुणे–नगर मार्गावर. त्या गाडीनं खेड्यातल्या माणसाला तालुका दाखवला, जिल्हा दाखवला. अंध माणसालाही दिला, बऱ्यापैकी. तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, स्टँडवर नियंत्रक भोंग्यावरून गाड्या पुकारतो, कंडक्टर ओळखीचा असतो. पण गाडी कुठली, हे पाटीवर लिहिलेलं. कुठं आली, हे खिडकीबाहेर दिसणारं. मग शेजाऱ्याला विचारायचं : “आलं का माळीवाडा?” थोड्या वेळानं पुन्हा : “आलं का?” शेजारी झोपलेला असेल तर मागच्याला.

गुरुजी सांगत होते, “विचारायला लाज नव्हती वाटत. पण दर पाच मिनिटाला विचारणारा माणूस लोकांना लहान पोर वाटतो. ‘बसा हो बाबा, सांगतो,’ म्हणतात आणि विसरतात.” एकदा असेच ते माळीवाड्याच्या ऐवजी पुढे जाऊन उतरले होते.

तरीही अंध प्रवासी काही अगदीच अंदाजाने बसलेला नसतो. पाथर्डी ते नगर हे सुमारे पन्नास किलोमीटर. तिसगावला गाडी थांबते, चढणाऱ्यांचा गलका होतो. करंजी घाटात शरीर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं. ही वळणं डोळ्यांनी नाही, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांनी कळतात. तिथला द्रव हलला की मेंदूला फिरल्याची बातमी जाते. चांदबिबीच्या महालापाशी उतार, मग भिंगारचा बाजार, हॉर्न, भज्यांचा वास. हा नकाशा गुरुजींपाशी आधीपासून होता. पण घाटात डुलकी लागली, किंवा गाडी दुसऱ्या रस्त्यानं वळवली, की नकाशा फाटला. हातात राहतो तो पुन्हा तोच प्रश्न.

देवळाच्या घंटा आणि उपग्रह

आता जीपीएस. बरेच पेशंट मला विचारतात, “उपग्रह आपल्याला वरून बघतो ना?” नाही. तो बघत नाही. तो फक्त बोलतो, आणि आपला फोन ऐकतो.

समजा, तुम्ही शिवारात डोळे मिटून उभे आहात. तीन गावांच्या देवळांत बरोबर सात वाजता घंटा होते. तुमच्याकडे घड्याळ आहे. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. पहिली घंटा सातला तीन सेकंद झाल्यावर ऐकू आली, म्हणजे ते देऊळ एक किलोमीटरवर. पण कोणत्या बाजूला, ते नाही कळलं. देवळाभोवती एक किलोमीटरचं रिंगण काढलं तर त्यावर तुम्ही कुठेही असाल. दुसरी घंटा सहा सेकंदांनी आली, म्हणजे दुसरं रिंगण. दोन रिंगणं दोनच ठिकाणी छेदतात. तिसऱ्या घंटेनं त्यातली खरी जागा ठरते. बघितलं काहीच नाही, नुसत्या ऐकण्यावर तुम्ही कुठे आहात ते कळलं.

उपग्रह म्हणजे अशी देवळं, जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावर फिरणारी. घंटा म्हणजे रेडिओलहरी. त्या प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, येतात. म्हणजे वरून निघालेला इशारा खिशातल्या फोनला सेकंदाच्या सातशतांश भागात गाठतो. इथे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं, तरी जागा ३०० मीटरनं चुकते. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं असतात. आपल्या फोनचं घड्याळ तेवढं अचूक नसतं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. दिसत नसलेल्या माणसाला हे तंत्र इतकं जवळचं का वाटावं, ते यावरून लक्षात येईल. ते मुळातच ऐकण्याचं तंत्र आहे.

आणखी एक : फोन फक्त ऐकतो, त्यामुळे जीपीएसला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशासाठी. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसलेल्या घाटातही जागा कळते.

पाठीवरच्या पिशवीतून खिशात

ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्करानं स्वतःसाठी उभारली. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि ते पाडण्यात आलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेनं जाहीर केलं की ही व्यवस्था पुरी झाली की सामान्य लोकांनाही खुली राहील. वाट चुकण्यानं एवढा अनर्थ होऊ शकतो, हे तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं.

साधारण त्याच सुमाराला, १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक रेजिनाल्ड गॉलेज यांची दृष्टी गेली. माणसं शहरात वाट कशी शोधतात, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय! त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांच्या डोक्यात १९८५ मध्ये जीपीएसवर चालणाऱ्या वाटाड्याची कल्पना आली. त्यांनी आणि रॉबर्टा क्लाट्स्की यांनी गॉलेज यांच्याबरोबर मिळून तो बनवायला घेतला. संगणक पाठीवरच्या पिशवीत, अँटेना डोक्याच्या वर, कानाला हेडफोन. यात एक सुंदर युक्ती होती. यंत्र ‘डावीकडे वळा’ म्हणायचं नाही. ग्रंथालय डावीकडे असेल तर ‘ग्रंथालय’ हा शब्दच डाव्या बाजूनं, तेवढ्या अंतरावरून आल्यासारखा ऐकू यायचा. जणू इमारतीच नाव घेऊन हाका मारताहेत. ते ओझं घेऊन गॉलेजसर विद्यापीठाच्या आवारात हिंडत.

दुसरं नाव माइक मे यांचं. तिसऱ्या वर्षी रसायनाच्या स्फोटात डोळे गेलेला हा माणूस नव्वदच्या दशकात चार्ल्स लापिएर यांच्याबरोबर ‘स्ट्रायडर’ नावाच्या बोलत्या वाटाड्यावर काम करत होता. तोही पाठीवर लॅपटॉप घेऊन चालायचा, बाजारात कधी आलाच नाही. अडचण ओझ्याची नव्हती फक्त. अमेरिकन लष्कर सामान्य लोकांना मिळणारा इशारा मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. जहाजाला शंभर मीटर चालतात. अंध माणसाला शंभर मीटर म्हणजे स्टँड की भाजीबाजार, इतका फरक.

२ मे २००० रोजी हा मुद्दाम केलेला बिघाड थांबवला गेला. एका रात्रीत, जगातल्या प्रत्येक जीपीएस यंत्राची चूक शंभरावरून वीस मीटरांच्या आत आली. माइक मे यांनी त्याच सुमाराला आपली कंपनी काढली आणि पुढे ब्रेल यंत्राला जोडून चालणारा जीपीएस बाजारात आणला. (२००० च्या मार्चमध्ये, मूळपेशी आणि बुबुळरोपणाच्या शस्त्रक्रियांनंतर, त्यांच्या एका डोळ्याला थोडी दृष्टी परत आली. रंग आणि हालचाल कळायची, चेहरे मात्र नाही. चाळीसहून अधिक वर्षं न वापरलेला मेंदूचा भाग ते पुन्हा शिकू शकला नाही. त्यावर एक वेगळा लेख लिहावा लागेल.)

पण ही यंत्रं हजारो डॉलरची. आपल्याकडच्या माणसाच्या दृष्टीनं ती असून नसल्यासारखीच. परिस्थिती पालटली ती नोकियाच्या फोनमुळे. २००६ च्या सुमाराला कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या अंध प्रोग्रॅमरांनी ‘लोडस्टोन’ नावाचं ॲप केलं आणि फुकट देऊन टाकलं. त्यात तयार नकाशा असायलाच हवा असं नव्हतं. तुम्ही जिथे उभे असाल, तिथे बटण दाबायचं, त्या जागेला नाव द्यायचं. पुढच्या वेळी जवळ आलात की फोन ते नाव उच्चारतो, किती मीटरवर आणि कुठल्या दिशेला, तेही सांगतो.

मला या ॲपची कल्पना बाकी सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा मोठी वाटते. कारण आपल्या जिल्ह्यात पत्ता म्हणजे काय? ‘हनुमानाच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं, अमक्यांची वस्ती.’ रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत, निम्म्या वस्त्या कुठल्याच नकाशात नाहीत. तिथे अमेरिकेत बसून कोणी नकाशा काढून देणार नाही. ज्याला जायचंय त्यानंच खुणा ठेवत जायचं.

२००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आलं. हे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारे आवाज. त्यानंतर अंध माणसाला वेगळं यंत्र लागेना. शेजाऱ्याकडे जो फोन तोच त्याच्याकडे. पुढे फोन आणि इंटरनेट स्वस्त झालं आणि गोष्ट पाथर्डीपर्यंत आली. भारतानं २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडून नाविक ही व्यवस्था उभी केली. नव्या अनेक फोनमध्ये जीपीएसबरोबर तिचे इशारेही ऐकायची सोय असते.

मोठ्या कंपन्यांबद्दल मात्र हात राखूनच बोलावं. गुगल मॅप्सनं ऑक्टोबर २०१९ मध्ये, जागतिक दृष्टी दिनाला, दिसत नसलेल्या पादचाऱ्यांसाठी खास तपशीलवार सूचना सुरू केल्या; आधी अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये ‘साउंडस्केप’ आणलं, गॉलेजसरांच्या हाका मारणाऱ्या इमारतींचीच कल्पना, आणि २०२३ मध्ये बंदही केलं. त्याचा कोड खुला केला म्हणून इतरांनी ते पुढे चालवलं. ज्यावर माणसाचं घराबाहेर पडणं अवलंबून आहे ते असं कुणाच्या मर्जीवर असावं का, हा प्रश्न मला सतावतो.

आणि उच्चार! गुरुजींच्या फोननं इंग्रजी आवाजात ‘पाथर्डी’चं ‘पठारडी’ केलं होतं आणि ‘भिंगार’चं ‘बिंगर’. त्यांनी मराठी आवाज बसवून घेतल्यावर ते थांबलं. त्यात आणखी भर : २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. फोन सांगतो ‘अहिल्यानगर’, कंडक्टर ओरडतो ‘नगर, नगर’. दोन्ही एकच, हे गुरुजींना ठाऊक आहे, फोनला नाही.

मेंदूतला नकाशा

“पण डॉक्टर, जन्मापासून ज्यानं काही पाहिलंच नाही, त्याच्या डोक्यात नकाशा कसा असेल?” हा प्रश्न मला पालक विचारतात. असतो. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांनी उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी शोधल्या, ज्या प्राणी विशिष्ट जागी आला की चमकतात. २००५ मध्ये मोझर दांपत्यानं त्याच्या शेजारच्या भागात जागेला जणू चौकटी आखणाऱ्या पेशी दाखवल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. या पेशी फक्त डोळ्यांवर चालत नाहीत. पावलं, वळणं, वास, आवाज, पायाखालचा पोत, सगळं त्यांना चालतं. नकाशा मेंदू काढतो. डोळे हा केवळ एक पुरवठादार.

डोळस माणसं सतत फोनच्या सांगण्यावर गाडी चालवली तर त्यांची वाटेची आठवण कमी होते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मग अंध माणसाचंही होईल का? माझं मत, आणि ते माझंच समजा : तो फोन कसा वापरतो त्यावर आहे. ‘आता डावीकडे, आता उजवीकडे’ एवढंच ऐकलं तर होईल. पण ‘माझ्या आजूबाजूला काय आहे’ असं विचारत गेला तर त्याच्या नकाशात भरच पडेल. गुरुजींना आपण तीस वर्षं ज्या रस्त्यानं गेलो त्यावर एक आयटीआय आणि दोन मंगल कार्यालयं आहेत, हे फोननंच सांगितलं.

पाच मीटरची गोष्ट

आता न सांगून चालणार नाही अशी गोष्ट. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पाच मीटर म्हणजे रस्त्याची ही कड की ती कड. उंच इमारतींमध्ये लहरी भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, तेव्हा चूक वाढते. नगर शहरात २०२२ मध्ये खुल्या झालेल्या उड्डाणपुलाखाली किंवा कापड बाजाराच्या गल्लीत फोन कधी कधी शेजारच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो. उघडं गटार, फुटपाथवर लावलेली मोटारसायकल, आवाज न करता येणारी इलेक्ट्रिक स्कूटर, यांतलं काहीही जीपीएसला कळत नाही. तिथे अजून हूवरसाहेबांची काठीच. काठीशिवाय फोन घेऊन निघालेला अंध माणूस हा फोनशिवाय काठी घेऊन निघालेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

काठीलाही मर्यादा आहे, ती गुडघ्याच्या वरचं सांगत नाही. खाली आलेली फांदी, ट्रकचा उघडा फाळका सरळ कपाळावर. आयआयटी दिल्लीत तयार झालेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये बाजारात आली. साध्या काठीच्या मुठीवर बसणारं हे यंत्र वटवाघळासारखे श्राव्यातीत ध्वनी सोडतं आणि तीन मीटरपर्यंतचा अडथळा मुठीच्या थरथरीतून कळवतं. किंमत तेव्हा सुमारे तीन हजार रुपये ठेवली होती.

आणि काही मदत तर हातात काहीही नसताना मिळते. मुंबईच्या लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन...’ हा आवाज येतो, त्यामागेही जीपीएसच आहे. दिव्यांगांचा डबा फलाटावर जिथे लागतो तिथे टिक-टिक असा आवाज करणारं यंत्र लावलेलं असतं. ही सोय अंधांसाठी झाली, पण गर्दीत बाहेरचं न दिसणारा प्रत्येक जण तिच्यावर विसंबतो. एसटीतही गाडीच्या आत गावाचं नाव असं ऐकू आलं, तर गुरुजींच्या खिशातल्या फोनचं निम्मं काम उरणार नाही.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर

दृष्टी पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. काचबिंदू, रेटिनायटिस पिगमेंटोझा, मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम, यांत दिसणं हळूहळू जातं. थोडं दिसत असतानाच टॉकबॅक शिकलं, काठी हातात घेतली, तर मेंदूला दोन्हींची सांगड घालायला वेळ मिळतो. काठी घेतली की लोक आपल्याला आंधळं म्हणतील, म्हणून माणसं चार-पाच वर्षं धडपडत काढतात, आणि माझ्याकडे पडून मनगट मोडल्यावर येतात.

मधुमेह असेल तर पायांची संवेदनाही तपासून घ्या. पायाखालचं कळणं गेलेलं असेल तर काठीवरचा भार वाढतो, आणि मऊ चपलेपेक्षा बंद बूट बरे. इन्सुलिन घेत असाल तर एकट्यानं निघताना खिशात साखर किंवा ग्लुकोज हवंच. चक्कर आल्यावर फोन काही करू शकत नाही.

इअरफोन एकाच कानात. दुसरा कान रस्त्याचा. फोन पुरता चार्ज, आणि शक्य असेल तर पॉवर बँक. पहिले दहा-पंधरा प्रवास कुणाला तरी दोन पावलं मागे ठेवून करा. हात न धरता. आणि कंडक्टरला सांगायचं सोडू नका. फोन आहे म्हणून माणसांना विचारायचं नाही असं नाही. दर पाच मिनिटांनी विचारावं लागत नाही, एवढंच.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. २०१६ च्या कायद्यानुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टीचा पट्टा दहा अंशांपेक्षा अरुंद झाला असेल, तर ते अंधत्व धरतात. म्हणजे नळीतून समोरचं अक्षर वाचू शकणारा माणूसही त्यात बसतो. ‘वाचता येतंय की’ म्हणून कोणी परत पाठवलं तर दृष्टिक्षेत्राची तपासणी मागा.

घरच्यांना एक विनंती. लाइव्ह लोकेशनची सोय चांगली आहे, पण दर दहा मिनिटांनी ‘कुठं पोचलात’ म्हणून फोन करू नका. फोन वाजला की त्याचं वाट सांगणं मध्येच थांबतं. गुरुजींच्या मुलीनं करंजी घाटात तीनदा फोन केला होता.

परत जाताना

तपासणी झाली. पडदा आणखी थोडा वाळला होता. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. मोतीबिंदूची सुरुवात होती, ती बघायची ठरली. मी तो जुना केसपेपर मागून घेतला आणि ती ओळ खोडून खाली सही केली. त्यांना पेनाचा आवाज आला असावा. काही बोलले नाहीत.

येताना स्टँडवरून त्यांनी रिक्षा केली होती. रिक्षावाला लांबून फिरवायला लागला, तेव्हा हे मागून म्हणाले, “भाऊ, आपलं डावं वळण गेलं.” तो पुढं सरळ आला आणि बरोबर तेवढेच पैसे घेतले. हे सांगताना ते पहिल्यांदा मोकळे हसले.

उठून निघाले ते थेट आमच्या चष्म्याच्या खोलीत शिरले. छताखाली उपग्रहांच्या घंटा ऐकू येत नाहीत. सिस्टर धावल्या. “दार उजवीकडं आहे, बाबा.” त्यांनी भिंतीला हात लावला, दारं मोजली, बाहेर पडले. आमच्या फाटकापाशी दोन पायऱ्या आहेत, एक दुसरीपेक्षा उंच. इतक्या वर्षांत मला ते कधी जाणवलं नव्हतं. काठीनं ते त्यांना कळलं. खाली उतरून ते मोकळ्यात थांबले, फोन काढून वर धरला.

“काय झालं, रेंज नाही का?” वॉचमननं विचारलं.

“आहे. थोडं थांबा, खूण ठेवतो.” मिनिटभर ते तसेच उभे राहिले. मग फोनच्या जवळ तोंड नेऊन जागेचं नाव बोलले : “डोळ्याचे डॉक्टर. दोन पायऱ्या, वरची उंच.”